वाटणी, बांध आणि दप्तर : घरच्या संगणकातील हार्ड डिस्कचे विभाग

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

संगणकाचे पोट उघडून पाहणे हा शास्त्र शाखेचा उद्योग; कला शाखेच्या विद्यार्थ्याला त्याचे काय प्रयोजन, असा प्रश्न हा लेख पाहून काही वाचकांच्या मनात येईल. परंतु आज आपली टिपणे, प्रकल्प, क्षेत्रभेटीत केलेली ध्वनिमुद्रणे, इतकेच काय पण घरातील लग्नकार्याची छायाचित्रेदेखील संगणकातच साठवलेली असतात. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कागद नव्हता, त्या घरात आज पहिले दप्तर तयार होत आहे आणि ते कागदाचे नसून हार्ड डिस्कचे आहे. म्हणून ह्या दप्तराची रचना कशी असते, त्यातील विभाग लहानमोठे कसे करावेत आणि ते बिघडल्यास दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी, ह्याचा थोडक्यात परामर्श घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

डिस्क म्हणजे जमीन

पहिली हार्ड डिस्क १९५६ साली अमेरिकेत आयबीएम ह्या कंपनीने ‘रॅमॅक’ नावाच्या यंत्राबरोबर बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, तिचे वजन सुमारे एक टन होते आणि तिच्यावर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज घरच्या संगणकात मुठीत मावेल एवढ्या डिस्कवर त्याच्या लाखपट मजकूर राहतो. मूळ तत्त्व मात्र फारसे बदललेले नाही. डिस्कच्या पृष्ठभागाचे बारीक बारीक समान तुकडे पाडलेले असतात. त्यांना सेक्टर म्हणतात. एका सेक्टरमध्ये बहुधा ५१२ बाइट मावतात. अलीकडच्या पुष्कळशा डिस्कमध्ये तो ४०९६ बाइटचा असतो. प्रत्येक सेक्टरला शून्यापासून पुढे क्रमांक दिलेला असतो. संगणकाला डिस्क दिसते ती अशी एका रांगेत पसरलेली, क्रमांक घातलेली जमीन म्हणून.

ह्या जमिनीचे आपल्या सोयीसाठी दोन-तीन हिस्से करणे म्हणजे विभाग, अर्थात पार्टिशन पाडणे होय. विंडोजमध्ये दिसणारे ‘सी’ आणि ‘डी’ हे दोन ड्राइव्ह म्हणजे बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन हिस्से असतात. हे ध्यानात न आल्यामुळे ‘सी’मधील मजकुराची प्रत ‘डी’मध्ये ठेवून पुष्कळ जण निर्धास्त होतात. डिस्कच निकामी झाली तर दोन्ही हिस्से एकदमच जातात. एकाच शेताच्या दोन तुकड्यांत पीक घेतले म्हणून गारपिटीपासून संरक्षण मिळत नाही, तसाच हा प्रकार होय.

विभागांचा सातबारा

शेताची वाटणी झाली की बांध घातला जातो. डिस्कवर मात्र बांध नसतो. तेथे असते ती फक्त नोंद. कोणता हिस्सा कोणत्या सेक्टरपासून सुरू होतो आणि किती सेक्टरांचा आहे, एवढेच एका छोट्या तक्त्यात लिहिलेले असते. ह्या तक्त्याला पार्टिशन टेबल म्हणतात. आपण त्याला डिस्कचा सातबारा म्हणू या.

हा सातबारा लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. जुनी पद्धत १९८३ साली आयबीएमच्या ‘एक्सटी’ ह्या संगणकाबरोबर आली. तिला एमबीआर म्हणतात. डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे ५१२ बाइटांत, हा सगळा कारभार चालतो. त्यातील ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या आज्ञावलीसाठी, ६४ बाइट तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी. एका हिश्शाच्या नोंदीला १६ बाइट लागतात, त्यामुळे ६४ बाइटांत चारच नोंदी बसतात. चार भावांपर्यंत ठीक. पाचवा आला की एका हिश्शातच पोटहिस्से पाडावे लागतात. त्या हिश्शाला एक्स्टेंडेड आणि आतील पोटहिश्शांना लॉजिकल विभाग म्हणतात. ह्या पद्धतीत ५१२ बाइटचा सेक्टर धरल्यास सुमारे २ टेराबाइटच्या पुढील जमीन नोंदवताच येत नाही, कारण सेक्टरचा क्रमांक लिहिण्यास फक्त ३२ बिट दिलेले आहेत.

नव्या पद्धतीला जीपीटी म्हणतात. तिच्यात सामान्यतः १२८ हिश्शांची सोय असते, आणि महत्त्वाची गोष्ट अशी की तक्त्याची एक प्रत डिस्कच्या सुरुवातीस व दुसरी अगदी शेवटी ठेवलेली असते. शिवाय तक्ता बिघडला आहे की नाही हे पडताळण्यासाठी बेरजेसारखा एक आकडाही त्यात लिहून ठेवतात. आपली डिस्क कोणत्या पद्धतीची आहे, हे विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये डिस्कच्या नावावर उजवी कळ दाबून, ‘प्रॉपर्टीज’मधील ‘व्हॉल्यूम्स’ ह्या पानावर पाहता येते.

सातबाऱ्यावरून जमीन कोणाची हे कळते. त्या जमिनीत कोणते पीक कोठे आहे हे कळत नाही. ते काम फाइल सिस्टीमचे. प्रत्येक हिश्शाच्या आत ही दुसरी नोंदवही असते आणि कोणती फाइल कोणत्या सेक्टरांत आहे, हे तिच्यात लिहिलेले असते. विंडोजमध्ये १९९३ सालापासून चालत आलेली एनटीएफएस, पेनड्राइव्हवर आढळणारी फॅट-३२ आणि लिनक्समधील एक्स्ट-४ ह्या नोंदवह्या सर्वांत परिचित आहेत. फॅट-३२ मध्ये ४ गिगाबाइट किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. पेनड्राइव्हमध्ये जागा असूनही चित्रपट का उतरत नाही, ह्याचे उत्तर बहुधा येथे सापडते.

जमीन, सातबारा आणि पिकाची नोंदवही असे हे तीन थर आहेत. पुढील सर्व विवेचन ह्या तीन थरांवरच उभे आहे.

हिस्सा लहानमोठा करणे

समजा, घरच्या संगणकात ५०० गिगाबाइटची डिस्क आहे. विंडोज ती ४६५ ची दाखवते. दुकानदाराने फसवले असे समजण्याचे कारण नाही. कंपनी हजाराच्या पटीने मोजते, विंडोज १०२४ च्या पटीने मोजते. बिघ्याचा आणि एकराचा हिशेब वेगळा यावा तसे हे आहे. ह्यापैकी १०० ‘सी’ला आणि ३६५ ‘डी’ला दिलेले आहेत. ‘सी’ तुडुंब भरून लाल पट्टी दिसू लागली आहे आणि ‘डी’ निम्मा रिकामा आहे. आपल्याला ‘डी’तील ८० काढून ‘सी’ला द्यावयाचे आहेत.

येथे सर्वप्रथम एक प्रश्न स्वतःला विचारावा : वाटणी मोडणे खरोखर आवश्यक आहे काय? विंडोजमधील ‘डिस्क क्लीनअप’ चालवून जुने तात्पुरते साहित्य काढले, आणि ‘डॉक्युमेंट्स’, ‘डाउनलोड्स’, ‘व्हिडिओज’ ह्या फोल्डरांच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘लोकेशन’ बदलून ते ‘डी’मध्ये नेले, तर कित्येकदा ‘सी’ मोकळा होतो. बांध न हलवता सामान हलवणे केव्हाही श्रेयस्कर.

तरीही जागा अपुरीच पडत असेल, तर पुढील नियम पाठ असावा. हिस्सा लहान करताना आधी आतील नोंदवही आवरून घ्यावयाची व नंतर हद्द आत आणावयाची. हिस्सा मोठा करताना आधी हद्द बाहेर सरकवावयाची व नंतर नोंदवही पसरावयाची. हा क्रम उलटला तर फाइली हद्दीबाहेर पडतात. आज मिळणारी चांगली साधने हा क्रम आपोआप पाळतात, पण ती काय करीत आहेत हे आपल्याला कळले पाहिजे.

विंडोजमध्ये २००७ सालच्या व्हिस्टापासून ‘श्रिंक’ व ‘एक्स्टेंड’ ह्या दोन सोयी डिस्क मॅनेजमेंटमध्ये आहेत. परंतु त्यांना एक मर्यादा आहे. श्रिंक केल्यावर मोकळी होणारी जागा हिश्शाच्या शेवटी, म्हणजे उजवीकडे निघते. आणि एक्स्टेंड करण्यासाठी मोकळी जागा हिश्शाला लागून उजवीकडेच असावी लागते. आपल्या उदाहरणात ‘डी’ श्रिंक केला तर ८० गिगाबाइट ‘डी’च्या पलीकडे निघतील, ‘सी’च्या शेजारी नव्हे. थोरल्या भावाला जागा हवी आणि ती सुटली धाकट्याच्या पलीकडच्या अंगाला! म्हणूनच ‘एक्स्टेंड’ हा पर्याय पुसट दिसतो आणि नवशिका गोंधळून जातो. कित्येक संगणकांत ‘सी’च्या लगेच पुढे विंडोजने स्वतःच्या दुरुस्तीसाठी राखलेला एक छोटा हिस्साही असतो. तोही असाच आडवा येतो.

ह्यावर दोन उपाय आहेत. पहिला सरळ उपाय असा, की ‘डी’मधील सर्व मजकूर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावा व तो उघडून पडताळावा. नंतर ‘डी’ हा विभाग काढून टाकावा, ‘सी’ ८० ने वाढवावा, उरलेल्या २८५ मध्ये ‘डी’ पुन्हा पाडावा आणि मजकूर परत आणावा. हा मार्ग लांबचा वाटला तरी त्यात प्रत घेण्याचे काम आपोआप होते.

दुसरा उपाय ‘जीपार्टेड’ ह्या मोफत साधनाचा. ते पेनड्राइव्हवर घालून संगणक त्यावरूनच सुरू करावा लागतो, म्हणजे डिस्क स्वतः वापरात नसते. त्यात ‘डी’ची डावी हद्द उजवीकडे सरकवता येते. परंतु डावी हद्द हलवणे म्हणजे केवळ तक्त्यातील आकडा बदलणे नव्हे. त्या हिश्शातील सगळा मजकूर प्रत्यक्ष उचलून पुढे न्यावा लागतो. २८५ गिगाबाइट दर सेकंदाला ५० मेगाबाइट ह्या वेगाने हलले असे धरले, तरी दीड तासाहून अधिक वेळ लागतो. जुन्या डिस्कवर कितीतरी जास्त. ह्या काळात वीज गेली तर अर्धा मजकूर जुन्या जागी व अर्धा नव्या जागी, अशी त्रिशंकू अवस्था होते. आपल्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल ह्याचा नेम नसतो. तेव्हा हे काम इन्व्हर्टर असल्याखेरीज किंवा लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून तो विजेला जोडलेला असल्याखेरीज हाती घेऊ नये.

कामापूर्वी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. शिफ्टची कळ दाबून धरून संगणक बंद करावा, म्हणजे विंडोज खऱ्या अर्थाने बंद होते. एरवी ती अर्धवट झोपलेली असते आणि जीपार्टेड हद्द हलवण्यास नकार देते. तसेच डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर ते आधी पूर्णपणे काढावे व त्याची किल्ली, म्हणजे ४८ अंकी क्रमांक, कागदावर लिहून ठेवावा. काम झाल्यावर विंडोज पहिल्यांदा सुरू होताना डिस्क तपासू लागते. तिला मध्येच थांबवू नये.

बिघाड कोणत्या थरात आहे?

आता दुरुस्तीकडे वळू. वैद्य औषध देण्यापूर्वी नाडी पाहतो, तसे येथेही आधी निदान व्हावयास हवे. बिघाड जमिनीचा आहे, सातबाऱ्याचा आहे की नोंदवहीचा, ह्यावर उपाय अवलंबून आहे. एकाचे औषध दुसऱ्याला दिल्यास रोगी दगावतो.

डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, फाइल उघडताना संगणक मिनिटेच्या मिनिटे अडकत असेल, तर जमीनच खचू लागली आहे असे समजावे. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवीत असते. तिला स्मार्ट असे म्हणतात व ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारख्या साधनाने ती वाचता येते. खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर आणि बदलण्याच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर, हे दोन आकडे वाढत असतील तर दुरुस्तीच्या नादी न लागता आधी महत्त्वाचा मजकूर दुसरीकडे उतरवावा. अशा डिस्कवर सगळे सेक्टर तपासणारी लांबलचक परीक्षा चालवणे म्हणजे अत्यवस्थ रोग्याला पळावयास लावणे होय. लिनक्समधील ‘डीडीरेस्क्यू’ हे साधन आधी चांगले भाग उतरवून घेते आणि नंतरच खराब भागांकडे वळते, ते ह्याच कारणासाठी.

डिस्क निरोगी आहे, विभाग दिसतो, पण काही फाइली उघडत नाहीत किंवा नावे विचित्र दिसतात, तर बिघाड नोंदवहीत असण्याचा संभव अधिक. अचानक वीज जाणे हे ह्याचे नेहमीचे कारण. अशा वेळी मिळतील त्या फाइलींची प्रत घेऊन ड्राइव्हच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘टूल्स’ ह्या पानावरून ‘चेक’ चालवावे. चेकडिस्क ती हीच. तिचे काम नोंदवही सुसंगत करणे हे आहे, प्रत्येक फाइल वाचवणे हे नव्हे. नोंदींचा मेळ बसवण्यासाठी ती एखाद्या फाइलीचा बळीही देऊ शकते. म्हणून प्रत आधी, चेकडिस्क नंतर.

तिसरा प्रकार सातबारा हरवण्याचा. हिस्साच दिसेनासा होतो आणि त्या जागी ‘अनअलोकेटेड’, म्हणजे बेवारस जमीन दिसते. कधी हिस्सा दिसतो पण त्यावर ‘रॉ’ असे लिहिलेले असते, म्हणजे त्याच्या नोंदवहीचे पहिले पानच वाचता येत नाही. आणि दोन्ही वेळा विंडोज विचारते : फॉरमॅट करू का?

मित्रहो, ह्या प्रश्नाला ‘नाही’ असेच उत्तर द्यावयाचे आहे.

आमच्याच घरचे उदाहरण देतो. माझ्या आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या मी प्रथम वर्षाच्या सुट्टीत मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. एकंदर एक्केचाळीस. मोबाइल भरला म्हणून त्या संगणकाच्या ‘डी’मध्ये ठेवल्या. पुढे आजीला अर्धांगाचा झटका आला व तिची वाचा गेली. दिवाळीत माझ्या चुलतभावाने संगणकात विंडोज नव्याने बसवली, त्या गडबडीत ‘डी’ हा विभाग काढला गेला. तालुक्याच्या एका दुरुस्तीच्या दुकानात दाखवले तेव्हा, “आता काही राहिले नाही, फॉरमॅट करून देतो,” असे उत्तर मिळाले. वडील म्हणाले, “फेरफाराचा कागद हरवला म्हणून रान कुठं जात नसतं. आधी रानात जाऊन बघा.” वडील चौथी शिकलेले आहेत. संगणकाला त्यांनी कधी हात लावलेला नाही. परंतु हार्ड डिस्कच्या दुरुस्तीचे पहिले सूत्र ह्याहून नेमक्या शब्दांत मला कोणत्याही पुस्तकात आढळले नाही.

त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे आहे. विभाग काढला जातो तेव्हा तक्त्यातील नोंद पुसली जाते, मजकूर तेथेच राहतो. ‘टेस्टडिस्क’ नावाचे एक मोफत साधन आहे. क्रिस्तोफ ग्रेनिए ह्या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने ते लिहिले आहे. ते सगळी डिस्क चालत जाऊन पाहते आणि फाइल सिस्टीमची सुरुवात दाखवणाऱ्या खुणा शोधते. बांधाचे दगड शोधत हद्द ठरवावी तसेच हे काम. एनटीएफएस विभागाच्या पहिल्या सेक्टरची एक प्रत त्याच विभागाच्या शेवटच्या सेक्टरमध्ये असते. पहिला दगड गेला असेल तर शेवटच्या दगडावरूनही हद्द काढता येते.

आम्ही ते पेनड्राइव्हवरून चालवले, कारण हरवलेला मजकूर ज्या डिस्कवर आहे तिच्यावर काहीही नवीन उतरवावयाचे नसते. डिस्क निवडली, तक्त्याचा प्रकार निवडला, ‘अ‍ॅनलाइज’ आणि मग ‘क्विक सर्च’ केले. यादीत जुना ‘डी’ दिसला. त्यावर ‘पी’ ही कळ दाबली की त्यातील फाइलींची नावे दिसतात. आजीच्या नावाचा फोल्डर दिसला. नावे बरोबर दिसली तरच पुढे जावयाचे, हा येथला महत्त्वाचा नियम आहे. आधी ओव्यांचा फोल्डर दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवला, एक-दोन ओव्या लावून ऐकल्या, आणि त्यानंतरच ‘राइट’ हा पर्याय निवडून तक्ता पुन्हा लिहिला. संगणक बंद करून सुरू केल्यावर ‘डी’ जागच्या जागी होता.

मात्र सर्वच वेळी असे होत नाही. रिकाम्या दिसणाऱ्या जागेवर नवीन विभाग पाडून त्यात फाइली भरल्या तर जुना मजकूर कायमचा झाकला जातो. झटपट फॉरमॅटमध्ये पुष्कळसा मजकूर खाली शिल्लक राहतो, पण विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्ये लिहीत जाते. त्यानंतर शोधण्यासारखे काही उरत नाही. अलीकडच्या एसएसडी डिस्कमध्ये तर मोकळी झालेली जागा डिस्क स्वतःच पुसून टाकते, त्यामुळे तेथे आशा फारच थोडी.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती लागतात. बिघाड झाल्यास डिस्कवर लिहिणे ताबडतोब थांबवावे. कोणत्या थरात बिघाड आहे हे ठरवल्याशिवाय उपाय करू नये. आणि वाटणी मोडावयाची असो वा दुरुस्ती करावयाची असो, मजकुराची प्रत दुसऱ्या डिस्कवर असल्याशिवाय कामास हात घालू नये. दुरुस्तीच्या दुकानात डिस्क द्यावी लागलीच, तर “फॉरमॅट करू नका, आधी मजकूर काढा,” एवढे वाक्य कागदावर लिहून द्यावे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात लिहिण्याची परंपरा नाही. आजीआजोबांना जे ठाऊक होते ते तोंडी होते, आणि आता आपण ते प्रथमच साठवू लागलो आहोत. ह्या वर्षी लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी जे मित्रमैत्रिणी गावोगाव ध्वनिमुद्रण करणार आहेत, त्यांनी परत आल्यावर त्याच दिवशी त्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर करावी, आणि एक प्रत आपल्या विभागाच्या ग्रंथालयातही द्यावी, अशी माझी विनंती आहे.